बिस्किटाच्या डब्यांतले शब्द

न्क्वो बाजार, उमुनेझे
३ सप्टेंबर १९८३

उलोमा, आमच्या घराण्याची बायको,

तुझं पत्र लॉरीवाल्या सिल्वानसने आणून दिलं. चार वर्षं तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही आणि आता चार पानं. तिकडे एनुगू शहरात कागद स्वस्त झालेला दिसतोय.

न्कोलिकाला ओका गावच्या मुलाने मागणी घातली, हे मला आधीच कळलंय. मुलगी आमच्या घराण्याची आहे, तिच्या काकांच्या कानावर घालूनच सगळं झालंय. अठ्ठावीस डिसेंबरला तिच्या बापाच्या अंगणात ताडी होईल आणि ती सगळ्यांसमोर नवऱ्याला प्याला देईल. आता तू म्हणतेस, मुलीच्या लग्नाला मला त्या अंगणात यायचंय. ते आठवून मला माशांच्या फळीवर इतकं हसू आलं की समोरची गिऱ्हाईक बाई म्हणाली, “आदा, सुक्या माशाने गुदगुल्या केल्या की काय?”

का येता येणार नाही हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. माझा भाऊ इफेदिओरा मेला, तुला चटईवर बसवलं, डोकं भादरलं, तोवर सगळं रीतीने चाललं होतं. मग त्याला आंघोळ घातलेलं पाणी वाडग्यात तुझ्यापुढे ठेवलं. मनाची स्वच्छ बाई ते पिते आणि मोकळी होते. माझी आई प्याली, माझी काकू प्याली. तू वाडगा सारलास, मुलीचा हात धरलास, भावाचे ते कार्डांनी भरलेले तीन बिस्किटांचे डबे उचललेस आणि लॉरीत चढलीस. बायकोशिवाय त्याला पुरलं. जी पीत नाही तिनेच नवऱ्याला मारलेलं असतं, हे मी म्हटलं आणि घराण्यातल्या सगळ्या लेकींनी मान डोलावली. त्यांची आदा, थोरली लेक आणि प्रमुख, मीच आहे, अजूनही.

आता कामाचं. ओनित्शाच्या एका छापखान्याचा माणूस आला होता. रोजच्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले शब्द, असं पुस्तक त्याला शाळांसाठी छापायचंय. कोणीतरी त्याला सांगितलं की आमच्या मास्तरांनी, म्हणजे इफेदिओराने, त्यासाठी बावीस वर्षं कार्डं लिहिली. कुठे आहेत म्हणाला. मी काय सांगणार? एक बाई घेऊन पळाली, असं सांगू?

डबे पाठव. मग बघू.

न्वाकाएगो


न्क्वो बाजार
२९ सप्टेंबर १९८३

उलोमा,

तुझी अट वाचली. डबे हवे असतील तर लग्नाच्या दिवशी, सगळ्या लेकींसमोर आणि काकांसमोर मी म्हणायचं की हिने नवऱ्याला मारलं नाही. आणि हाताला धरून तुला आत आणायचं. बाकी काही नको म्हणतेस. बाकी काय उरलं?

पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या दुसऱ्याच वाक्याने. “ते माझ्या नवऱ्याचं काम आहे, ते सोपवायचं की नाही हे मी ठरवीन.” तुझ्या नवऱ्याचं काम. तुला ते काम कसं व्हायचं ते माहीत तरी आहे का? तू घरात बसून टाइप करायचीस.

शनिवारी शाळा सुटली की तो माझ्या फळीपाशी येऊन उकिडवा बसायचा. “आदा, फ्रीजला काय म्हणू?” मी म्हटलं, बघितल्याशिवाय नाव कसं ठेवू, पोर बघून नाव ठेवतात. मग मला फादरच्या घरी नेलं, फ्रीजचं दार उघडून हात आत घालायला लावला. डिसेंबरात गार, कोरडा उगुरू सुटतो, ओठ फाडतो, अगदी तोच वारा कोणीतरी कोंडून ठेवलेला. मी म्हटलं, ही उगुरूची पेटी. त्याने लिहिलं नाही लगेच. त्याचा नियम होता. शब्द आधी बाजारात सोडायचा. मी गिऱ्हाइकाला मासा बांधून देता देता म्हणायचं, “ऐकलंस का, फादरकडे उगुरूची पेटी आलीय.” ती “म्हणजे काय” म्हणाली की शब्द मेला. पण बाजारातली म्ग्बाफोर म्हणाली, “त्यांचं काय, ते मासेसुद्धा त्या उगुरूच्या पेटीत ठेवतील आणि तुझा धंदा बसेल.” म्हणजे एक खूण. अशा तीन बायकांनी तो शब्द स्वतःच्या तोंडाने परत दिला की मगच कार्ड डब्यात.

तुझा फ्रीज आठवतो? तू कॉलेजात शिकलेली, तुझा फ्रीज होता ‘अन्न सडू न देणारं लोखंडी यंत्र’. म्ग्बाफोर म्हणाली, एवढं म्हणेपर्यंत अन्न सडेल की. इफेदिओरा पोट धरून हसला होता. तुला सांगितलं नव्हतं त्याने, आता मी सांगते.

सोफ्याला ‘गिळणारी खुर्ची’ मी म्हटलं. चेनला ‘दातांची शिवण’ मी म्हटलं. सगळे काही पास झाले नाहीत. हॉबीला मी ‘फुकटचं काम’ म्हटलं तर बायका म्हणाल्या, म्हणजे नवऱ्याची सेवा का? फाडलं ते कार्ड. पण अकराशेपैकी सातशे तरी माझे आहेत, उलोमा. माझ्या फळीवरचे, माशाच्या वासाचे. आणि सरकारी खात्याला पहिली यादी गेली तेव्हा वर नावं किती? दोन. त्याचं आणि तुझं.

त्याच कार्डांवर त्याने मला अक्षरं शिकवली. हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मासेवालीला वाचता येतं असं कळलं तर सगळं गाव आपापली पत्रं घेऊन दारात बसेल, म्हणून मी अंगठाच उठवते. सिल्वानसला वाटतं, माझी पत्रं कोणी शाळकरी पोर लिहून देतं. पण डब्यातलं प्रत्येक कार्ड मला वाचता येतं, आणि ते वाचायचा माझा हक्क तू लॉरीत घालून नेलास.

अट कसली घालतेस.

न्वाकाएगो


न्क्वो बाजार
२० ऑक्टोबर १९८३

उलोमा,

एक डबा मिळाला. सिल्वानसला वाटलं आत बिस्किटंच आहेत, म्हणाला मलाही दे.

तू लिहिलंस, कार्ड उलटून बघा. बघितलं. प्रत्येक कार्डाच्या मागे त्याच्या हाताने लिहिलंय: न्वाकाएगो, न्क्वो बाजार, तारीख, आणि ज्या तीन बायकांनी शब्द परत दिला त्यांची नावं. म्ग्बाफोर किती ठिकाणी आहे. मी फळीच्या मागे बसून चारशे कार्डं उलटली आणि रडले. बाजारात लोक म्हणाले, मासा तिखट आहे वाटतं. तू लिहितेस की यादीवर त्याने तीन नावं घातली होती, खात्यातल्या साहेबाने माझं खोडलं, आणि तुझ्या तोंडावर म्हणाला की मासेवालीचं नाव शाळेच्या पुस्तकात शोभत नाही. आणि माझ्या भावाने हे मला सांगू नकोस म्हणून तुला बजावलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून.

म्हणजे वीस वर्षं मी तुझा दुस्वास केला तो एका साहेबासाठी. असू दे. दुस्वास सवयीचा झाला की त्याला कारण लागत नाही.

डबा अटीशिवाय पाठवलास, आणि आता एकच विचारतेस. तो मेला त्याआधीचे सात दिवस तू परीक्षेचे पेपर तपासायला एनुगूला होतीस, त्या सात दिवसांत काय झालं? परत आलीस तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, असं का?

मी त्याला प्रार्थनाघरात नेलं होतं. गावाला माहीत आहे ते. तिथल्या बाबांनी आजवर खूप जणांना बरं केलंय. सात दिवस राहिलो. त्याच्या साखरेचं औषध संपलं होतं. मग तू आलीस, कडू पाल्याचं कालवण केलंस, त्याने दोन घास घेतले, दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. एवढंच झालं.

आणि तू शेवटी ते इंग्रजी ‘सॉरी’ मागितलंस. त्या शब्दाचं कार्ड या डब्यात आहे, मी शोधलं. तीन दिवस आमचा त्यावर वाद चालला होता. आपल्याकडे कोणाला ठेच लागली, कोणाचं मडकं फुटलं, कोणाचं माणूस गेलं, की आपण ‘न्दो’ म्हणतो. मडकं आपण फोडलेलं नसलं तरी म्हणतो. इंग्रज मात्र म्हणे स्वतः फोडल्यावर म्हणतात. इफेदिओराने कार्डावर लिहिलंय, ‘जमला नाही, पुन्हा बघू.’ ठेच लागल्याचा शब्द हवा असेल तर घे, तो मी केव्हाही देईन.

डबे दोन राहिले.

न्वाकाएगो


न्क्वो बाजार
१६ नोव्हेंबर १९८३

उलोमा, माझ्या भावाची बायको,

न्कोलिका परवा आली. सहा आठवडे काकांकडे राहून लग्नाची तयारी बघणार. दारात उभी राहिली तर क्षणभर मला वाटलं, इफेदिओराच लुगड्यात आला. तीच कपाळावरची आठी. जेवताना म्हणाली, “आत्या, आईला आत घेणार ना? तिने चार वर्षांत एकदाही तुम्हाला वाईट म्हटलं नाही.” मी उठून हात धुतले.

म्हणून हे लिहिते. वाच आणि जाळ.

औषध संपलं नव्हतं. पिशवीत अकरा बाटल्या होत्या आणि सुया. प्रार्थनाघरातले बाबा म्हणाले, सुईवर भरवसा ठेवणाऱ्याला देव हात लावत नाही. मी त्या बाटल्या संडासाच्या खड्ड्यात टाकल्या. त्याने विचारलं, “आदा, माझी पिशवी?” मी म्हटलं, घरी राहिली. सात दिवस कोरडा उपास. चौथ्या दिवसापासून त्याच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. पाण्यासाठी त्याने माझं मनगट धरलं, चमचाभर दिलं, तर बाबा रागावले. मग तेवढंही दिलं नाही. तो मोठा भाऊ नव्हता, उलोमा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी त्याला पाठीवर बांधून नदीवर नेत होते.

घरी आणला तेव्हा तू पोचली होतीस. त्याची अवस्था बघून तू मला काही बोलली नाहीस, आधी चुलीकडे धावलीस. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि लेकी जमल्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, “शेवटचं कोणाच्या हातचं खाल्लं?” मी बोट दाखवलं. एवढंच केलं मी. बोलले नंतर, आधी नुसतं बोट दाखवलं.

का, तर मला भीती वाटली. नवऱ्याने मला मूल नाही म्हणून परत पाठवलं त्याला तीस वर्षं झाली. या अंगणातली कोपऱ्यातली खोली भावाने दिलेली आहे. त्यांना कळलं असतं तर त्याच लेकींनी माझी भांडी रस्त्यावर फेकली असती, आणि मेल्यावर मला पुरायलाही कोणी आलं नसतं. तुला एनुगू होतं, नोकरी होती, मुलगी होती. मी हिशेब केला की तुला झेपेल.

आता मी एकोणसाठची नाही, त्रेसष्टची आहे. न्कोलिका दोन दिवस माझ्या समोर बसून कोनफळं सोलतेय. मी सांगेन. अठ्ठावीसला सगळे जमले की ताडी वाटायच्या आधी मी उभी राहीन आणि सांगेन. तू आधी आत येऊ नकोस, आलीस तर लेकी भांडण उकरतील आणि माझं बोलणं राहून जाईल. फाटकाबाहेर नीरफणसाच्या झाडाखाली थांब. मी बोलले की स्वतः बाहेर येईन, तुझा हात धरेन.

उरलेले दोन डबे त्याआधी पाठव. छापखान्याचा माणूस डिसेंबरच्या एकोणीसला येतोय.

न्वाकाएगो


न्क्वो बाजार
३० डिसेंबर १९८३

उलोमा,

तू बाहेर होतीस, त्यामुळे आत काय झालं ते तुला कळलं नसेल. माझ्याशिवाय ते तुला कोणी लिहिणार नाही.

आधी एकोणीस तारखेचं. डबे दोन्ही पोचले होते, एक कार्ड इकडचं तिकडे नाही, तुझा व्यवस्थितपणा मी नाकारत नाही. छापखान्याच्या माणसाने ओसरीवर डबे उघडले. सगळे काका, चुलत भाऊ बसलेले. त्याने एक कार्ड उलटलं, दुसरं उलटलं, म्हणाला, “ही न्वाकाएगो कोण? सगळीकडे हीच आहे.” ओक्वुओसा काका म्हणाले, “आमची थोरली लेक. मासे विकते.” तो म्हणाला, “मग मुखपृष्ठावर मास्तरांच्या नावाखाली यांचं नाव हवं. बाई, इथे सही करता?” आणि त्याने पेन पुढे केलं.

उलोमा, मी पेनकडे बघितलं. बावीस वर्षं मला तेच हवं होतं. आणि त्याच वेळी मला तुझ्या ट्रंकेतलं माझं सोळा नोव्हेंबरचं पत्र दिसलं. तू ते जाळलं नाहीस हे मला माहीत आहे, मीही जाळलं नसतं. ज्या दिवशी मी या गावात माझं नाव लिहीन, त्या दिवशी ते पत्र माझं होईल. ओक्वुओसा काका हसले, “तिला कुठलं लिहायला येतंय? अंगठा घ्या.” मी अंगठा पुढे केला. छापखान्याचा माणूस म्हणाला, अंगठा कसा छापणार, मग ‘गावकऱ्यांच्या मदतीने’ असं घालतो. सगळे हो म्हणाले. मीही मान हलवली.

एवढं सोडून दिल्यावर अठ्ठावीसला मी काय बोलणार होते? जे नाव मी पेनासमोर टाकलं, ते तुझ्यासाठी अंगणात उभं राहून परत टाकायचं? तू म्हणशील, मग डबे का मागितलेस, झाडाखाली का उभं केलंस. सोळा नोव्हेंबरला लिहिलं ते खरं होतं. एकोणीस डिसेंबरला ते खरं राहिलं नाही. तुला कळवता आलं असतं, सिल्वानस तीन वेळा एनुगूला जाऊन आला. कळवलं नाही, कारण तू आली नसतीस तर न्कोलिका मंडपात बसलीच नसती, तुला शोधत एनुगूला गेली असती. तू येणार हे तिला खरं वाटायला तू खरोखर यायला हवं होतंस.

कुंपणाच्या फटीतून मी तुला सकाळी दहालाच बघितलं. निळं कापड डोक्याला, हातात गाठोडं. बाराला पाहुणे आले, फाटक लावून घेतलं. तू दोनदा वाजवलंस. दारावरच्या लेकींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “कोणी मागणारी असेल. जेवणं झाली की पानावर वाढून द्या.” भात आणि बोकडाचं मटण दिलं ना? मी स्वतः वाढलं होतं. तू खाल्लंस की नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

न्कोलिका माझ्याजवळ आली. “आत्या, आईने शब्द दिला होता.”

मी म्हटलं, “निरोप आलाय तिचा. काकांनी विचारलं होतं, बाई, आता तरी वाडग्यातलं पाणी पिऊन मोकळी हो आणि ये. ती म्हणाली, पाण्याचं नाव काढणाऱ्या अंगणात मी मुलीसाठीसुद्धा येणार नाही.”

“असं म्हणाली?”

“तुझी आई कशी आहे तुला माहीत नाही का,” मी म्हटलं. “मानी आहे.”

 तुझ्यावर विश्वास बसायला तिला चार वर्षं लागली असतील, माझ्यावर बसायला एक वाक्य लागलं, कारण ते वाक्य अगदी तुझं वाटत होतं. तसं करणं मला जमतं. लोकांच्या तोंडात बसेल असा शब्द काढणं हेच माझं काम होतं.

मग काकांनी तिच्या हातात ताडीचा प्याला दिला आणि नवरा शोध म्हणाले. पोरांनी आरडाओरडा सुरू केला, इकडे ये, मी तुझा नवरा, मला दे. नवरामुलगा उझो डावीकडे चौथ्या बाकावर बसला होता, तिला दिसला होता, ती बघून हसली नाही. ती त्याच्यासमोरून सरळ फाटकाकडे निघाली. प्याला सांडू नये म्हणून हळूहळू. गोंधळ थांबला. फाटकाचा पत्रा आणि तिच्यात चार पावलं राहिली असतील, पलीकडे तू. तेवढ्यात मी पोचले, तिचं कोपर धरलं आणि वळवलं. “वाट चुकलीस, पोरी,” मी मोठ्याने म्हटलं, आणि सगळे हसले. ती वळली. गुडघे टेकले, उझोला प्याला दिला. त्याने प्याला रिकामा केला, लग्न झालं.

तू तिला लिहिशील. जरूर लिही. माझं पत्र दाखव. ती इथे येऊन विचारेल, आत्याला लिहिता येतं का, आणि गाव तिला छापखान्याच्या माणसाची गोष्ट सांगेल. मग तिला वाटेल की आईने स्वतःच्या सुटकेसाठी मेलेल्या नवऱ्याच्या बहिणीच्या नावाने पत्र रचलं. लिहायचं की नाही ते तू ठरव, मी सल्ला देणारी कोण.

मला रात्री झोप लागते का असं विचारू नकोस. लागत नाही. त्याचा तुला काही उपयोग नाही.

नवरा-नवरीची गाडी मागच्या वाटेने काढायला मी सांगितलं, पुढच्या वाटेवर गर्दी होती. तू पुढे उभी होतीस, म्हणून तुला ती दिसली नसेल. खिडकीशी बसली होती. मी वाकून विचारलं, “एनुगूला काही निरोप द्यायचा का? सिल्वानस उद्या जातोय.”

“नाही, आत्या,” ती म्हणाली, आणि काच वर केली.

न्वाकाएगो